जीटी-आर बंद झाली, आता तिचा गिअरबॉक्स कोण उघडणार?

२६ ऑगस्ट २०२५. जपानमधल्या तोचिगी इथल्या कारखान्यातून निसान जीटी-आरची शेवटची 'आर३५' बाहेर पडली. २००७ पासून अठरा वर्षांत या मॉडेलच्या साधारण ४८ हजार गाड्या बनल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी रस्त्यावर कमी आणि मोबाईलच्या किंवा कन्सोलच्या स्क्रीनवर जास्त चालवली आहे. भारतात ती डिसेंबर २०१६ मध्ये १.९९ कोटी रुपयांना (दिल्ली एक्स-शोरूम) आली होती, त्यामुळे घेण्याचा विषय बहुतेकांसाठी तिथेच संपला. तिच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचे ग्राफिक्स 'ग्रान टुरिस्मो' गेम बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने डिझाइन केले होते. म्हणजे गेम आणि गाडी यांचं नातं इथे खरंच घरचं आहे.

शेवटची गाडी निघाली तेव्हा सोशल मीडियावर भावनिक पोस्टचा पूर आला. पण ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांच्यासमोर वेगळाच प्रश्न आहे. गाडीचा सगळ्यात महागडा आणि नाजूक भाग म्हणजे गिअरबॉक्स. तो उद्या बिघडला तर दुरुस्त कोण करणार? सुटे भाग मिळतीलही. पण गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात असणार?

हा फक्त श्रीमंतांच्या गाड्यांचा प्रश्न वाटत असेल तर थांबा. तुमच्या फोनची स्क्रीन बाहेरच्या दुकानात बदलल्यावर सेटिंगमध्ये 'अनोळखी पार्ट' असा मेसेज आला असेल, तर तुम्ही हाच प्रश्न छोट्या आकारात पाहिला आहे. जीटी-आरच्या गिअरबॉक्सची गोष्ट समजली की तो मेसेज का येतो हेही नीट समजतं.

आधी समजून घेऊ: आत नक्की काय चालतं?

साध्या मॅन्युअल गाडीत तुम्ही क्लच दाबता, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात, लिव्हरने दुसरा गिअर टाकता आणि क्लच सोडता. या सगळ्यात अर्धा-एक सेकंद जातो आणि तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही.

जीटी-आरमध्ये 'ड्युअल क्लच' म्हणजे दोन क्लचवाला गिअरबॉक्स आहे. पोळ्यांचं उदाहरण घ्या. एकच माणूस पोळी लाटणार आणि भाजणारही असेल, तर दोन पोळ्यांमध्ये तवा रिकामा राहतो. पण एक जण भाजत असताना दुसऱ्याने पुढची पोळी लाटून तयार ठेवली, तर तवा कधीच रिकामा राहत नाही. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. शिफ्ट करताना एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो, एवढंच. जीटी-आरचा हा बदल ०.२ सेकंदांच्या आत होतो.

पण 'पुढचा गिअर कोणता तयार ठेवायचा' हे ठरवतं कोण? कॉम्प्युटर. गिअरबॉक्सचा स्वतंत्र कंट्रोलर इंजिनचा वेग, चाकांचा वेग, ॲक्सिलरेटर आणि ऑईलचं तापमान बघतो. मग तो सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह उघडतो. त्यातून दाबाखाली ऑईल जातं आणि ते ऑईल क्लच दाबतं, गिअर सरकवणारे फोर्कही ढकलतं. फोर्क नेमका कुठे आहे हे सेन्सर परत कॉम्प्युटरला सांगतात. स्टिअरिंगजवळची पॅडल दाबल्यावर तुम्ही खरं तर गिअर टाकत नाही. तुम्ही कॉम्प्युटरला विनंती करता, आणि इंजिनचं नुकसान होईल असं वाटलं तर तो ती नाकारू शकतो.

आणखी एक गोष्ट. जीटी-आरचं इंजिन पुढे आहे, पण गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. इंजिनची ताकद एका लांब शाफ्टने मागे जाते आणि तिथून दुसऱ्या शाफ्टने पुढच्या चाकांसाठी परत पुढे येते. त्यामुळे गाडीचं वजन छान विभागलं जातं. पण गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल आणि चारही चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा एकाच युनिटमध्ये आल्यामुळे एक छोटा भाग गेला तरी सगळंच उतरवावं लागतं.

लाँच कंट्रोलची भानगड

२००८ मध्ये गाडी अमेरिकेत पोहोचली आणि लोकांना एक खेळ सापडला. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबायचे, इंजिन साधारण ४,५०० आरपीएमवर न्यायचं आणि ब्रेक सोडायचा. गाडी अक्षरशः गोळीसारखी सुटायची. व्हिडिओ व्हायरल झाले, मासिकांनी चाचण्या केल्या.

मग काही गाड्यांचे गिअरबॉक्स आतून तुटायला लागले. कारण समजायला सोपं आहे. उभ्या गाडीचं पावणेदोन टनांच्या आसपासचं वजन, चारही चाकांची घट्ट पकड आणि जोरात फिरणारं इंजिन यांची सगळी झुंज त्या क्षणी गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर येते. चाकं घसरली असती तर थोडा ताण रबराने खाल्ला असता. इथे चाकं घसरत नव्हती, त्यामुळे ताण लोखंडाला सोसावा लागला.

मालक डीलरकडे गेले. तिथे कळलं की स्टॅबिलिटी कंट्रोल बंद असताना झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मॅन्युअलनुसार ते बटण गाडी चिखलात किंवा बर्फात अडकली तर सोडवण्यासाठी होतं. आणि असं चालवलंत हे कंपनीला कळायचं कसं? गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये नोंद असायची. तुमच्याच गाडीने तुमच्याविरुद्ध दिलेली ती साक्ष होती. आज प्रत्येक स्मार्ट वस्तू अशी नोंद ठेवते, तेव्हा मात्र अनेकांना हा धक्का होता.

निसानने नंतर सॉफ्टवेअर बदललं. नव्या प्रोग्रॅममध्ये लाँच कमी आरपीएमवर होऊ लागला आणि क्लचची पकड जास्त हुशारीने सांभाळली जाऊ लागली. पुढच्या मॉडेल्समध्ये तर ही सोय अधिकृतपणे आली, फक्त ओळीने काही वेळा वापरल्यावर गिअरबॉक्स थंड होईपर्यंत थांबावं लागायचं. यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसली. यंत्र तुटण्याचं एक मोठं कारण कोडमध्ये होतं आणि उपायही कोडमध्येच सापडला.

एका क्लिपसाठी अख्खा गिअरबॉक्स?

वॉरंटी संपलेल्या मालकांसमोर पुढची अडचण आली. अधिकृत उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, पूर्ण युनिट बदला. त्याच काळात पॉर्शच्या ग्राहकांनाही हाच अनुभव येत होता. पॉर्शने २००८ मध्ये ९११ मध्ये पीडीके नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणला. पुढे काही वर्षांनी त्यातला फोर्कची जागा मोजणारा सेन्सर दगा देऊ लागला. सेन्सर छोटा, पण सुटा मिळत नव्हता. त्यामुळे यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असलेला गिअरबॉक्स एका सेन्सरपायी बदलायची वेळ यायची.

इथे स्वतंत्र गॅरेजवाले पुढे आले. जीटी-आरच्या बाबतीत न्यूझीलंडमधली डॉडसन मोटरस्पोर्ट आणि अमेरिकेतली शेपट्रान्स ही दोन नावं जगभरच्या मालकांच्या तोंडी आहेत. त्यांनी तुटलेले गिअरबॉक्स खोलले आणि कुठला भाग का जातो याचा अभ्यास केला. जे सापडलं ते थोडक्यात असं:

– शाफ्टवरचे गिअर जागेवर धरून ठेवणारी सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी छोटी रिंग. ताणाखाली ती निसटली की गिअर जागचा हलतो आणि पुढचं नुकसान सुरू होतं.

– ऑईलमध्ये फिरणारा लोखंडाचा बारीक भुसा. तो सोलेनॉइडमध्ये अडकला की कधी गिअर पडत नाही, कधी चुकीच्या वेळी पडतो. ड्रायव्हरला वाटतं गिअरबॉक्स गेला, प्रत्यक्षात व्हॉल्व्ह तुंबलेला असतो.

– इंजिनच्या मागे बसणाऱ्या बेलहाउसिंगमधलं बेअरिंग. ते झिजलं की गाडी उभी असताना खडखड आवाज येतो. ऐकायला भयानक, पण गिअरबॉक्सचा आतला भाग त्यात सहसा ठीक असतो.

तीन बिघाड, तीन वेगळे खर्च. नेमकं निदान झालं तर काम एका व्हॉल्व्हवर किंवा बेअरिंगवर भागतं. निदान करायचं ज्ञान किंवा साधन नसेल, तर तिन्हींचं उत्तर एकच येतं: नवा गिअरबॉक्स.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते?

गाडी लिफ्टवर घेतात आणि ऑईल काढतात. हे ऑईल साधं नसतं, या गिअरबॉक्ससाठी खास बनवलेलं असतं आणि त्याचा भाव ऐकूनच घाम फुटतो. काढलेल्या ऑईलमध्ये काय सापडतं यावरून अर्धं निदान तिथेच होतं. बारीक पावडर असेल तर नेहमीची झीज, तुकडे असतील तर काहीतरी तुटलं आहे. मग मागचं सगळं युनिट खाली उतरवतात.

पुढचं काम घड्याळजीच्या जवळ जाणारं आहे. क्लच प्लेट आणि त्यांच्यामधली फट मोजतात, शाफ्टचा मागे-पुढे होणारा खेळ मोजतात आणि गरजेप्रमाणे पातळ चकत्या म्हणजे शिम घालून तो बसवतात. सोलेनॉइड साफ करतात किंवा बदलतात. भुसा पकडायला जास्त ताकदीचे लोहचुंबक बसवतात. कमजोर सर्कलिपच्या जागी मजबूत सुधारित भाग घालतात. जागा धूळमुक्त हवी, कारण एक कण चुकीच्या व्हॉल्व्हमध्ये गेला तर सगळं परत खोलावं लागतं.

गिअरबॉक्स जोडून परत गाडीत बसवला की काम संपलं का? नाही. नवीन क्लच नेमका कुठे पकड घेतो, फोर्क कुठवर सरकतात, हे कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं. त्यासाठी निसानचं 'कन्सल्ट' नावाचं डायग्नोस्टिक टूल लागतं. ही शिकवणी झाली नाही तर हजारो डॉलर खर्चून बनवलेला गिअरबॉक्स धक्के देतो, नाहीतर गाडी जागची हलत नाही. पाना कितीही चांगला चालवता येत असला, तरी शेवटचं दार लॅपटॉपनेच उघडतं.

जीटी-आरच्या मालकांचं नशीब चांगलं, कारण हे दार बाहेरच्यांनाही उघडता आलं. एकूटेकसारख्या कंपन्यांनी इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा प्रोग्रॅम वाचून बदलण्याची साधनं बनवली. त्यामुळे दुरुस्ती जमलीच, वर अपग्रेडही शक्य झालं.

अपग्रेडचं गणित: एक दुखणं गेलं की दुसरं येतं

कारखान्यातून ही गाडी सुरुवातीला ४८० पीएसच्या आसपासच्या ताकदीने यायची. निस्मो आवृत्ती ६०० पीएसपर्यंत गेली. हौशी लोक मात्र त्याच इंजिनातून एक हजारांहून जास्त काढतात. तेव्हा मूळ क्लच घसरतो, म्हणून जास्त प्लेटचा क्लच येतो. क्लच पक्का झाला की ताण गिअरच्या दातांवर जातो, म्हणून मजबूत गिअर येतात. गिअर पक्के झाले की डिफ्रन्शियल आणि शाफ्टची पाळी. ताण नाहीसा होत नाही, साखळीतल्या पुढच्या कमजोर कडीकडे सरकतो.

म्हणून चांगला मेकॅनिक पहिला प्रश्न 'किती हॉर्सपॉवर हवी?' असा विचारत नाही. 'गाडी कुठे चालवणार?' हे विचारतो. रोजच्या वापराच्या गाडीत रेसिंगचा क्लच घातला तर सिग्नलवर गाडी गचके खात चालते. असंच काहीसं फोनमध्येही होतं. फक्त रॅम आणि प्रोसेसर पाहून फोन घेतला आणि तो गरम होऊन स्वतःच स्लो होऊ लागला, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

लिव्हर लोखंडाची होती तेव्हा

आता थोडं मागे जाऊ. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ ही छोटी, स्वस्त स्पोर्ट्स कार आणली. तिची गिअर लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसते. मध्ये केबल नाही, वायर नाही. जुन्या एमएक्स-५ मध्ये एक नेहमीची तक्रार येते: लिव्हर ढिली वाटते, गिअर अडखळतो, पायाशी गरम हवा येते. कारण बहुतेक वेळा लिव्हरच्या बुडातला झिजलेला नायलॉनचा बुश आणि फाटलेले रबरी बूट.

हे काम घरी होतं. नॉब फिरवून काढायचा, मधला कन्सोल सोडवायचा, लिव्हरचे बोल्ट खोलून ती वर उचलायची. नवा बुश, नवे बूट, लिव्हरच्या खोबणीत ताजं गिअर ऑईल, आणि परत जोडायचं. साध्या पान्यांनी एका दुपारचं काम.

अपग्रेडही तेवढंच सरळ. 'शॉर्ट शिफ्टर' म्हणजे टेकूची जागा बदललेली लिव्हर. हाताचा प्रवास कमी होतो, गिअर पटकन पडतो. पण तरफेचा नियम शाळेत शिकलो तोच आहे: अंतर कमी झालं की जोर जास्त लागतो. घाईघाईने जोरात गिअर कोंबायची सवय लागली, तर दोन गिअरचा वेग जुळवणारे सिंक्रो लवकर झिजतात. म्हणजे इथेही फुकट काही मिळत नाही, पण काय देऊन काय मिळतं हे मालकाला हाताला कळतं. आणि बुश बदलल्यावर गाडी कोणालाही विचारत नाही की तो 'ओरिजिनल' आहे का.

एमएक्स-५ ची लिव्हर ते जीटी-आरचं पॅडल या प्रवासात वेग वाढला, मायलेज सुधारलं, चालवणं सोपं झालं. फक्त 'मी दुरुस्त करू शकतो' हे वाक्य 'मला दुरुस्त करू दिलं तर' असं झालं.

पुढची पिढी जास्त बंद आहे

जीटी-आरचं सॉफ्टवेअर २००० च्या दशकातलं, म्हणून ते उघडता आलं. २०२० मॉडेल इयरची शेव्हरोले कॉर्व्हेट फक्त ड्युअल क्लच गिअरबॉक्ससह आली, मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. तिचं सॉफ्टवेअर एनक्रिप्टेड होतं. जुन्या कॉर्व्हेटवर सहज काम करणाऱ्या ट्यूनिंग कंपन्यांना त्यात शिरायला बराच काळ लागला. २०२२ मध्ये नवी मस्टँग दाखवताना फोर्डनेही सांगितलं की या गाडीचं सॉफ्टवेअर बाहेरून बदलणं पूर्वीपेक्षा खूप अवघड असेल.

मोबाईलमध्ये याला 'पार्ट्स पेअरिंग' म्हणतात. स्क्रीन, बॅटरी किंवा कॅमेऱ्याला सिरियल नंबर असतो आणि तो फोनच्या बोर्डशी जोडलेला असतो. तोच ओरिजिनल पार्ट दुसऱ्या फोनमधून काढून लावला तरी फोन कुरकुरतो. याविरुद्ध ओरड वाढल्यावर ॲपलने २०२४ मध्ये जाहीर केलं की आयफोन १५ पासून पुढच्या फोनमध्ये वापरलेले ओरिजिनल पार्ट दुरुस्तीसाठी चालतील.

कंपन्यांची बाजू खोटी आहे का?

पूर्ण खोटी नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. आजची गाडी इंटरनेटला जोडलेली असते. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत कोणीही पोहोचू शकत असेल, तर चोर किंवा हॅकरही पोहोचू शकतो. चालत्या गाडीत चुकीच्या वेळी गिअर पडला तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत गाड्यांच्या सायबर सुरक्षेचे नियम आले आणि जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये ते सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाले. या नियमांत बसत नसल्यामुळे पॉर्शला पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्सटर आणि केमनची तिथली विक्री थांबवावी लागली.

वॉरंटीचा मुद्दाही आहे. कोणी ताकद दुप्पट करायची, गिअरबॉक्स तोडायचा, मग मूळ सॉफ्टवेअर परत टाकून फुकट दुरुस्ती मागायची, असे प्रकार होतात.

पण कुलूप लावणं आणि किल्ली फक्त स्वतःकडे ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवला म्हणून तुमच्या फ्लॅटची चावी बिल्डरकडे राहत नाही. सुरक्षेसाठी एनक्रिप्शन असावं, आणि ओळख पटवून दिलेल्या स्वतंत्र गॅरेजला दुरुस्तीपुरता प्रवेशही असावा. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. नोंदणी करून, ओळख तपासून गॅरेजला सुरक्षेशी संबंधित माहिती देण्याची पद्धत युरोपात आहे.

कायदा काय म्हणतो, आणि भारत कुठे आहे?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांसाठी 'राइट टू रिपेअर'च्या बाजूने कौल दिला. २०२० मध्ये साधारण ७५ टक्के मतांनी तो हक्क गाडीतून वायरलेस जाणाऱ्या डेटापर्यंत वाढवला. कार कंपन्या कोर्टात गेल्या आणि प्रकरण अनेक वर्षं चाललं. ओरेगन राज्याने २०२४ मध्ये पार्ट्स पेअरिंगवरच बंधन घालणारा कायदा केला. तो मोबाईलसारख्या वस्तूंसाठी आहे, गाड्यांसाठी नाही.

भारताची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप काय होते? ओरिजिनल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं, आणि स्वतंत्र गॅरेजना डायग्नोस्टिक टूल आणि तांत्रिक माहिती न देणं. म्हणजे जीटी-आरच्या मालकाचा जो प्रश्न, तोच आपल्या हॅचबॅकच्या मालकाचाही होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि पुढची लढाई कायद्याच्या वाटेवर लांबली.

जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं, जिथे कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात. मोबाईल आणि टॅबलेटच्या 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा, म्हणजे दुरुस्ती किती सोपी आहे हे सांगणाऱ्या गुणांकनाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. दिशा चांगली आहे. पण पोर्टलवर माहिती देणं आणि नाना पेठेतल्या किंवा कुर्ल्याच्या मिस्त्रीच्या हातात खरं टूल पोहोचणं, यात बरंच अंतर आहे.

हे आपल्या दारात कसं आलं?

ड्युअल क्लच आता कोट्यवधींच्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. टाटा अल्ट्रोझ, ह्युंदाई क्रेटा, फोक्सवॅगन व्हर्टस अशा गाड्यांच्या काही व्हेरिएंटमध्ये हेच तंत्रज्ञान आहे. नाव कुठे डीसीए, कुठे डीसीटी, कुठे डीएसजी. मोठ्या बाजारात हे बिघडलं तर काय होतं ते चीनने पाहिलं आहे. तक्रारींनंतर फोक्सवॅगनने तिथे २०१२ मध्ये डीएसजीची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवली. मार्च २०१३ मध्ये सरकारी टीव्हीवर विषय आल्यावर तीन लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ग्राहकांनी एकत्र आवाज केला तर 'पूर्ण युनिट बदला, बिल तुमचं' हे उत्तर बदलू शकतं.

तुम्ही किंवा घरचे अशी गाडी घेणार असाल, विशेषतः सेकंडहँड, तर एवढं नक्की करा:

१. गिअरबॉक्सची वॉरंटी किती उरली आहे आणि ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का, हे लेखी विचारा.

२. नुसता टेस्ट ड्राइव्ह पुरे नाही. डायग्नोस्टिक स्कॅन करून गिअरबॉक्सचे जुने एरर बघायला सांगा. नाही म्हणाले तर का, ते विचारा.

३. गाडी इंचाइंचाने सरकवत चालवू नका. ट्रॅफिकमध्ये पुढे थोडी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे न्या. सतत अर्धवट पकडलेला क्लच तापतो, कोरड्या क्लचचा तर जास्तच.

४. घाटात चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी उभी धरू नका. ब्रेक किंवा हिल होल्ड वापरा.

५. बिल 'पूर्ण युनिट बदला' असं आलं, तर नेमका कुठला भाग गेला आणि एरर कोड काय, हे लेखी मागा. मग दुसरं मत घ्या. सहापैकी हीच गोष्ट सगळ्यात जास्त पैसे वाचवू शकते.

६. बदल करायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. खराब झालेला भाग तसाच बदलणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही.

मग जीटी-आरचं काय होणार?

निसानने २०१७ मध्ये जुन्या आर३२ साठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि नंतर तो कार्यक्रम आर३३, आर३४ पर्यंत नेला. त्यामुळे आर३५ चे लोखंडी भाग पुढेही मिळतील अशी आशा ठेवायला जागा आहे. कंपनीने नाही बनवले तर ऑकलंडमधला किंवा ओमाहामधला कोणीतरी बनवेल. गिअर मोजून पुन्हा कापता येतो.

सॉफ्टवेअर मात्र असं मोजून कापता येत नाही. आर३५ वाचली कारण कोणीतरी तिचं सॉफ्टवेअर वाचू शकलं. आज विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कार २०४५ मध्ये कोणी वाचू शकेल का, हे आत्ता होणाऱ्या कायद्यांवर आणि कंपन्यांच्या मर्जीवर ठरणार आहे. तुमच्या हातातल्या फोनचंही तसंच.

म्हणून पुढचा फोन किंवा घरची पुढची गाडी घेताना कॅमेरा, मायलेज, ॲव्हरेज यांच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: 'हे बिघडल्यावर तुमच्याशिवाय आणखी कोण दुरुस्त करू शकतं?' सेल्समन गडबडला, तरी तेही एक उत्तरच आहे.